एका कान्याचा हंगाम

जबलपुरात हिवाळा आल्याचं कळायला थंडी वाजावी लागत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर मटारची टरफलं दिसू लागली, आणि त्या ढिगात तोंड खुपसून उभ्या असलेल्या गाई एकदम श्रीमंत घरच्या वाटू लागल्या, की समजायचं, हंगाम सुरू झाला. पाटणकडून, शहापुऱ्याकडून पोत्यांनी लादलेले टेम्पो येतात. स्कूटरवर पुढे पोतं, मागे बायको आणि बायकोच्या मांडीवर दुसरं पोतं, अशा मिरवणुका राइट टाउनमधून सकाळ-संध्याकाळ निघतात. सगळं शहर सोलत बसतं. गच्चीवर बायका सोलतात, गिऱ्हाईक नसलं की दुकानात शेठजी सोलतात. कचेरीत फायलीच्या आड कोण काय करतंय हे साहेबाला पक्कं ठाऊक असतं, कारण त्याच्याही खणात शेंगा असतात. माझी अशी समजूत आहे की या दिवसांत आमच्याकडे भांडणं कमी होतात. माणसाचे दोन्ही हात शेंगेत गुंतलेले असताना तो भांडणार कशाने?

परवा मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, या वर्षीची पहिली पिशवी माझ्यापुढे ओतली. मी एक शेंग अंगठ्याने दाबली. ती फट्कन उघडली आणि तो वास आला, कच्चं दूध आणि ओलं गवत मिळून यावा तसा. दोन दाणे तोंडात टाकले आणि हात थांबला. खरं सांगायचं तर हा हात थांबू नये म्हणूनच मी यंदा बाजारात गेलो नव्हतो.

"काहून थांबले?" मेधा म्हणाली. "सोला ना."

"दिगू म्हणायचा, बाजारात घेताना मटर असतो, घरी येईस्तोवर त्याला काना लागला पाहिजे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिनेही मान खाली घातली.

हिंदीत मटर, मराठीत मटार. मध्ये एवढीशी काठी. या गावात मराठी घरं अशी एकेका काठीवर उभी आहेत, असं दिगंबरचं म्हणणं. तो आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या गल्लीतला, माझ्या लहानपणापासूनचा मित्र. नोकरी फॅक्टरीत. तिथे माल ज्या लाकडी पेट्यांत भरून बाहेर जायचा, त्या पेट्यांवर पत्र्याचे साचे ठेवून अक्षरं उमटवायची, हे त्याच्या खात्याचं काम. आत काय आहे ते पेटी न उघडता बाहेरून कळलं पाहिजे. जन्मभर हेच केल्यामुळे गड्याला पुढे पुढे अख्खं जबलपूर पेट्यांनी भरलेलं दिसू लागलं. रस्त्यातली पाटी वाचल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे, आणि ती चुकीची असली तर मुळीच जाता येत नसे. खिशात खडू असायचा. माझ्या लग्नाची पत्रिका त्याने लाल शाईने तपासून परत पाठवली होती. 'आशिर्वाद'मधली शि दीर्घ करून. लग्नाला मात्र आला, आणि जिलबीच्या बाबतीत त्याने ऱ्हस्व-दीर्घ काही पाहिलं नाही.

बोलताना मात्र साहेब आमच्यासारखेच. अर्धं मराठी, पाव हिंदी आणि उरलेले हातवारे. मी एकदा डिवचलं, तर म्हणाला, "बोलणं हवेत जाते बे. लिहिलेलं कोणाच्या तरी हातात पडते."

तो निवृत्त झाला तेव्हा मुलाने पुण्याहून आग्रह धरला. घर काढून टाका, इकडे या, दोघंच तिथे काय करता. मुलाचं काही चुकत नव्हतं. आपल्या गावातली सगळी मुलं पुण्याला जातात आणि मग पुण्याहून आईबापांना बोलावतात, ही आता जगरहाटी झाली आहे. पण दिगंबरला जायचं नव्हतं. शालूवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याहून जायचं नव्हतं. त्यांच्या हातची मटारची करंजी सगळ्या मराठी मंडळात माहीत होती. तेव्हा दोघांनी मिळून डाव टाकला. लग्नानंतर चेरीतालला बांधलेल्या घराची पुढची खोली मोकळी करायची, चार टेबलं टाकायची आणि मराठी खाण्याचं दुकान काढायचं.

"एक मटारचा हंगाम दे आम्हाला," दिगंबर फोनवर मुलाला म्हणाला. "होळीपर्यंत चाललं, तर आम्ही इथंच. नाही चाललं, तर तू म्हणशील तसं."

"बाबा, मग मागे फिरायचं नाही हं."

"मी फिरलो का कधी?"

बाप-लेकाचा असा करार झाला. साक्षीदार मी, कारण फोन स्पीकरवर होता आणि मी तिथे वहिनींच्या नमुन्याच्या करंज्या संपवत होतो. त्या वेळी मला हा करार मोठा गमतीचा वाटला. माझा सगळ्यात जुना मित्र गावात राहणार की नाही, हे करंजीवर ठरणार होतं, आणि करंजी तर माझ्या तोंडात होती. मी निर्धास्त होतो.

दुकानाचं नाव ठरलं शालिनी उपाहारगृह. पाटी रंगवायला दिली. पेंटर आमच्याच वस्तीतला, हिंदी बोलणारा, हाताने चांगला. त्याने कागद वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भैया, ये 'उपाहार' क्या होता है?"

"नाश्ता," दिगंबर म्हणाला. "उप और आहार. उपाहार."

"नाश्ता तो नाश्ता होता है. शब्द है उपहार. आपने डंडा फालतू लगा दिया."

"डंडा फालतू नहीं है भैया. डंडा ही तो सब कुछ है."

पेंटरने मान डोलावली, आणि पाटी आली ती 'शालिनी उपहार गृह' अशी. त्याने आपल्या परीने आमची चूक सुधारली होती. म्हणजे दिगंबरला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासारखंच भेटलं होतं. मला हसू आवरेना. दिगंबर पाटीकडे असा बघत होता की जणू नवरदेवाच्या जागी कुणी भलताच बसलाय. पण मुहूर्त जवळ आला होता, गुरुजी घड्याळ बघत होते, मंडळातली माणसं दारात उभी होती. "तात्पुरतं लावा," तो म्हणाला. पाटी चढली.

आता माझा धंदा सांगतो. राइट टाउनमध्ये माझं छोटं कार्यालय आहे. शाळा, दवाखाने, साड्यांची दुकानं, यांच्या वेबसाइटी आम्ही बनवतो आणि त्या लोकांना सापडतील अशा करतो. हे दुसरं काम जास्त अवघड. वेबसाइटचं जे पान तुम्हाला दिसतं, त्याच्या पोटात आणखी एक मजकूर असतो. तो तुम्हाला दिसत नाही, फक्त शोधयंत्र वाचतं. त्यात एकेका गोष्टीवर चिठ्ठी डकवलेली असते: हे दुकानाचं नाव, हा पत्ता, ही उघडण्याची वेळ, हा पदार्थ, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे दुकान कशाचं. याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. चेरीताल ही वस्ती आहे हे तुम्हाला-मला कळतं. यंत्राला ती कुणाची आत्याही वाटू शकते. चिठ्ठी असली की त्याची शंका फिटते, आणि कुणी फोनवर शोधलं की ते बेधडक तुमचं नाव पुढे करतं.

गिऱ्हाइकांना मी हे नाटकातून समजावतो. मंडळाच्या रंगमंचावर मी पुष्कळ वर्षं पल्लेदार ओरडलो आहे, त्याचा एवढाच उपयोग झाला. मी सांगतो, "हे पान म्हणजे नट आणि ही चिठ्ठी म्हणजे विंगेतला प्रॉम्प्टर. प्रेक्षकांना तो दिसत नाही, पण वाक्य त्याच्याकडून येतं. प्रॉम्प्टरने चुकीच्या नाटकाची वही उघडली, तर राजा भर दरबारात विचारतो, आज दूध किती घेऊ? आणि पूर्ण आत्मविश्वासाने विचारतो." मग छातीवर हात ठेवून, आवाज खाली आणून शेवटचं वाक्य म्हणतो, "म्हणून यंत्राला खरं सांगा."

दिगंबरला हे सगळं अभिनयासहित करून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमची पेटी," तो म्हणाला.

"कोणती पेटी?"

"अबे, आत काय आहे ते वरून सांगणं. आम्ही साच्यानं करत होतो. तुम्ही त्याला इंग्रजी नाव दिलं अन् टाय लावून करून राहिले."

माझ्याकडे रचना नावाची मुलगी काम करते. कटनीची, हुशार, नेटकी. तिला मराठी येत नाही. दुकानाचं पान तिने केलं, आणि पोटातल्या चिठ्ठ्या लिहिताना पाटीचा फोटो समोर ठेवला. नाव: शालिनी उपहार गृह. प्रकार: दुकान. काय मिळतं: उपहार, भेटवस्तू. हिंदी माणसाने ती पाटी वाचून दुसरं काय लिहिलं असतं? करंजी हे काहीतरी हस्तकलेचं असावं, असा तिने समज करून घेतला होता. पान देखणं झालं होतं. पोटातलं कोण पाहतं?

शोधयंत्राने पाहिलं.

दुकान उघडून थोडेच दिवस झाले होते. मी आतल्या टेबलाशी बसलो होतो, समोर कढीची वाटी. एक तरुण आला, हेल्मेट काखेत, फार घाईत. "अंकल, गिफ्ट दिखाइए."

"कौन सी गिफ्ट?" दिगंबर म्हणाला.

"दोस्त की सगाई है. कुछ यूनिक हो."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी कढीकडे पाहिलं. तेवढ्यात शालूवहिनी आतून बाहेर आल्या, त्यांनी एकदा मुलाकडे आणि एकदा ताटातल्या गरम करंज्यांकडे बघितलं, आणि बाई रंगमंचावर उतरली. "यूनिक चाहिए ना? बैठो बेटा." स्टीलचा नवा डबा काढला, करंज्या गोल रचल्या, वरून खणाचा तुकडा बांधला आणि गाठ अशी मारली की डबा एखाद्या नव्या नवरीसारखा दिसू लागला.

"आंटी जी, ये है क्या?"

"महाराष्ट्र का उपहार," वहिनी म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला आणि आणखी डबे घेऊन गेला. मग दुसरा आला. मग बँकेतल्या बायका आल्या, कुणाचा निरोप समारंभ होता. संक्रांत झाली, लग्नं सुरू झाली, आणि लग्नाला जाता जाता ज्याला भेट घ्यायची आठवण व्हायची, तो फोन उघडून शोधायचा आणि यंत्र त्याला चेरीतालला पाठवायचं. खऱ्या भेटवस्तूवाल्यांनी आपापल्या पानांच्या पोटात चिठ्ठ्या लावल्याच नव्हत्या. एकट्या आमच्या राजाकडे प्रॉम्प्टर होता, आणि तो चुकीच्या नाटकातली वाक्यं झोकात म्हणत होता.

मी रचनाला विचारलं तेव्हा ती गोंधळली. "सर, उपहार मतलब गिफ्ट ही तो." मी दुकानात येऊन सगळा प्रकार सांगितला. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "राहू द्या हो भाऊजी," त्या म्हणाल्या, "एका काठीवाचून माझं घर चालून राहिलं." दिगंबर हसला नाही, पण ओरडलाही नाही. "तात्पुरतं," एवढंच म्हणाला. त्या दिवसांत तो हा शब्द जपासारखा म्हणत असे.

काय दिवस होते ते. दुपार कलली की ओसरीवर सतरंजी पसरायची. दिगंबर, वहिनी, मेधा आणि मी, मध्ये शेंगांचा ढीग. ऊन पाठीवर, गप्पा तोंडात, टरफलं परातीत. वहिनी दाणे कुटून आलं-मिरची घालायच्या, मेधा पारी लाटायची, मी कातण फिरवायचो. कडेला नक्षी उठते ना करंजीच्या, ती माझी. चुकली की मी म्हणायचो ही आधुनिक कला आहे. गल्लीतली मुलं वास काढत यायची. मुलाचा पुण्याहून फोन यायचा, "बाबा, चाललंय का?" वहिनी पलीकडून ओरडायच्या, "चालत नाही रे, धावून राहिलं." आणि दिगंबर गप्प बसून एकेक दाणा निवडायचा, जणू शुद्धलेखन तपासतोय.

मला तेव्हा वाटलं होतं की जिंकलो आपण. माणसाला सुख होत असताना ते कशावर उभं आहे हे त्याने वाकून बघू नये, असं माझं मत आहे. दिगंबरचं मत नेमकं उलटं होतं.

एका दुपारी एक गृहस्थ आले. आमच्याच वयाचे किंवा थोडे मोठे. स्वेटरच्या बाह्या ओघळलेल्या, हातात फोन, फोनवर आमचं पान. लांबून, ऑटो बदलत बदलत आले होते. पायऱ्या चढून दम खात म्हणाले, "भाई साहब, गुड़िया चाहिए. बोलने वाली. पोती का जन्मदिन है आज."

"यहाँ तो खाने का सामान है," दिगंबर म्हणाला.

गृहस्थांनी टेबलांकडे, कढईकडे पाहिलं, मग फोन दिगंबरपुढे धरला. रागाने नाही. आपलीच काही चूक झाली का, अशा चेहऱ्याने. "इसमें तो उपहार लिखा है."

वहिनींनी डबा बांधला, गाठ मारली. गृहस्थांनी तो घेतला, कारण नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं. जाताना म्हणाले, "बच्ची है. देखिए, शायद खा ले." आणि डबा छातीशी धरून पायऱ्या उतरले. ऑटो दिसेनासा होईपर्यंत दिगंबर दारात उभा होता.

"तो चिडला असता तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. "त्यानं फोनवर विश्वास ठेवला. म्हणजे माझ्यावर. अन् मी त्याच्या हातात भलतीच पेटी दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी माझ्या कार्यालयात हजर. रचनाशेजारी खुर्ची ओढून बसला. "बेटा, वो मात्रा लगा दो. उपाहार. और लिखो कि खाने की जगह है."

रचनाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अंकल, ग्राहक आ रहे हैं. एक मात्रा के लिए?"

"हमारे यहाँ पेटी पर एक अक्षर गलत गया ना बेटा, तो वो पेटी किसी और के सामने खुलती थी. जिसको चाहिए थी, वो बैठा रहता था."

मी म्हटलं, "दिगू, होळीपर्यंत थांब. मग पाहिजे तेवढे काने लाव."

"तूच छातीवर हात ठेवून सांगतो ना बे, यंत्राला खरं सांगा?"

मी सवयीने छातीवर हात नेलाच होता. तो खाली घेतला.

"बरं, मग दोन्ही लिहू," मी म्हटलं. "खाण्याची जागा, आणि खाण्याच्या वस्तूंचे भेटडबे. हे तर खरं आहे?"

"हे खरं आहे," त्याने विचार करून मान्य केलं.

रचनाने तसं लिहिलं. त्याच दिवशी पेंटरला बोलावून पाटीवरही काना घालून घेतला. जागा नव्हती. प आणि ह यांच्या फटीत ती काठी अशी अंग चोरून उभी राहिली, की जणू गर्दीच्या बसमध्ये शेवटी चढलेला माणूस. दिगंबर खाली उभा राहून वर बघत होता, आणि किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता. वहिनी दाराशी होत्या. त्या पाटीकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या.

यंत्राला चिठ्ठी पोचायला थोडे दिवस लागतात. पोचली. मग यंत्राने प्रामाणिकपणे आपलं काम केलं. खाण्याच्या जागेला खाण्याच्या जागांमध्ये नेऊन बसवलं, आणि ती रांग केवढी असते ते तुम्हाला सांगायला नको. पोहे-जलेबीवाले, खव्याच्या जलेबीवाले, चाटवाले, छोले-भटुरेवाले, सगळे जुने, सगळ्यांच्या नावापुढे लोकांनी दिलेले तारे. भेटडब्यांना मिठाईवाल्यांच्या रांगेत जागा मिळाली, सगळ्यात मागे. जोवर आम्ही चुकीचे होतो तोवर सगळ्यांना दिसत होतो. बरोबर झालो आणि दिसेनासे झालो. अधूनमधून कुणी यायचा तो सांबारवडा मागत. आमच्याकडे होती सांबारवडी. सांबार म्हणजे आम्हा नागपूरकडच्यांची कोथिंबीर. तो बिचारा वडी उलगडून आतली कोथिंबीर बघायचा आणि चटणीत सांबार शोधायचा. दिगंबर त्याला शब्दाची व्युत्पत्ती सांगायचा. माणूस परत येत नसे.

मी माझ्या कुवतीने धडपडलो. मंडळात सांगितलं, फोटो टाकले, ओळखीच्यांना पाठवलं. ओळखीचे एकदा येतात, कौतुक करतात, आणि आपल्या घरी जेवतात. आमची मराठी माणसं करंजीवर जीव टाकतात, पण ती घरी केलेली. विकत घ्यायची म्हणजे सुनेला नावं ठेवल्यासारखं वाटतं त्यांना.

फेब्रुवारी उलटला की शेंग बदलते. बोटाला कळतं ते. साल जाड होते, कडेला पिवळट झाक येते, दाणा पिठूळ लागतो. ओसरीवर आम्ही तेव्हाही बसत होतो, पण ढीग लहान होता आणि गप्पाही तशाच. पुण्याच्या फोनला वहिनी आता पलीकडून ओरडत नव्हत्या. "ठीक आहे" म्हणायच्या, आणि सुनेची चौकशी करायच्या. त्यांनी दिगंबरला एका शब्दाने दोष दिला नाही. मेधाजवळ मात्र एकदा बोलल्या, कातण पुसता पुसता: "मी लग्न करून आले तेव्हा मला सासूबाईंनी सांगितलं होतं, हा माणूस खोटं बोलत नाही. मला केवढा आनंद झाला होता, मेधा."

होळी आली. मुलगा आला. त्याने विजयाचं अवाक्षरही उच्चारलं नाही. उलट सामान बांधताना तोच सगळ्यात जास्त कोमेजलेला होता. घर भाड्याने दिलं. पाटी उतरवली. स्टेशनवर आम्ही दोघं पोचवायला गेलो. मी वाटेत ठरवलं होतं की काहीतरी मोठं बोलायचं, दिगूला थांबवून धरायचं. माझ्याजवळ वाक्यांची कमतरता कधी नसते. फलाटावर उभा राहिलो आणि विंगेतून काही ऐकूच येईना. दिगंबर म्हणाला, "चलो." मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." आयुष्यभर बडबड केलेल्या दोन माणसांचं हे निरोपाचं भाषण. गाडी हलली तेव्हा वहिनी खिडकीतून मेधाचा हात धरून होत्या, आणि दिगंबर समोरच्या बाकावर पाठ ताठ करून बसला होता.

मला वाईट कशाचं वाटतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. काना घालायला नको होता, असं मला म्हणता येत नाही. तो आजोबा माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही; त्याच्या नातीने डबा उघडला असेल तेव्हाचा तिचा चेहरा मी न बघताच मला दिसतो. आणि काना घातला ते चांगलं झालं, असंही म्हणवत नाही. चेरीतालवरून जाताना माझी स्कूटर त्या घरापाशी आपोआप हळू होते. पुढच्या खोलीत आता कुणाची तरी खाट दिसते. खऱ्याच्या बाजूने उभं राहिलं की शेवटी चांगलं होतं, असं नाटकात असतं, कारण नाटक तिसऱ्या अंकाला संपवायचं असतं. मी अजूनही गिऱ्हाइकांना तेच सांगतो, यंत्राला खरं सांगा. पण हात आता खिशात असतो.

तर परवा मेधाने सोललेले दाणे पातेल्यात घातले आणि म्हणाली, "एवढं वाटते तर फोन लावा ना त्याला." मी म्हटलं, लावायचाच आहे, कामच आहे. आणि होतंही. बंद झालेल्या दुकानाचं पान तसंच ठेवायचं नसतं. माणसं उगाच शोधत जातात. रचनाने यादी काढली होती, त्यात शालिनी उपाहारगृह होतं, आणि तिने संकोचून विचारलं होतं, "सर, अंकल का पेज हटा दूँ?" मी म्हटलं होतं, विचारून सांगतो.

फोन दिगंबरनेच उचलला. हवापाणी झालं, गुडघे झाले, नातवाचं मराठी झालं. पुण्यातला नातू मराठी उत्तम बोलतो, आजोबांच्या 'करून राहिलो'ला हसतो. "तिथं मटार मिळते?" मी विचारलं. "मिळते," तो म्हणाला. "सोललेला, पिशवीत." मग मी कामाचं काढलं. म्हटलं, दुकानाचं ते पान काढून टाकतो आता. फोन नंबरसकट.

मला वाटलं फोन कटला.

"फोन येतात रे त्याच्यावर," मग तो म्हणाला.

"कोणाचे?"

"तिकडचेच. पहिले डबे घेऊन गेले होते ना, ते. कोणी नवेही. परवा एक मुलगी विचारून राहिली होती, अंकल, दुकान खुली है क्या, भैया की शादी है."

"मग काय सांगतो?"

"सांगतो, आज तो बंद है बेटा." तो म्हणाला. "मग मी विचारतो, कहाँ से बोल रही हो. ती म्हणते, अधारताल से. मग मी विचारतो, मटर कैसा आया है इस साल. सांगतात बिचारे. कोणी घाईत नसते तिकडं."

मला हसायला यायला हवं होतं. दिगंबर, आणि 'आज बंद है'. खडू घेऊन फिरणारा माणूस. मी तोंड उघडलं आणि नेहमीचंच वाक्य बाहेर आलं.

"अबे, पण पान ठेवलं तर ते खोटं होईल."

"होईल," दिगंबर म्हणाला. "राहू दे."